भिंतीला वळसा

सुताराची बायको वारली त्याला सात महिने झाले, आणि मग समिती आली.

चार वर्षांत तिने सहा अर्ज पाठवले होते. पहिले पाच कुठल्या कपाटात गेले देव जाणे. सहावा संसदेपर्यंत पोचला. देशाचं अन्नधोरण कागदावर आहे तसं जमिनीवर आहे का, हे तपासायला खासदारांची एक समिती नेमली होती. तिच्या कार्यालयातून उत्तर आलं की आम्ही स्वतः येऊन बघतो. पत्र आलं तेव्हा बायको दवाखान्यात होती. सुताराने तिला ते वाचून दाखवलं. तिने परत एकदा वाचायला लावलं आणि म्हणाली, "त्यांना चालवत न्या. गाडीतून जाऊ देऊ नका."

तिचं म्हणणं साधं होतं. वस्तीतलं रेशन दुकान साडेचार वर्षांपूर्वी बंद केलं आणि सगळ्यांची कार्डं मालधक्क्यापलीकडच्या दुकानाला जोडली. घरापासून दुकान एक किलोमीटरच्या आत असलं पाहिजे, असं धोरणात लिहिलेलं आहे. पुरवठा कार्यालयाने नकाशावर पट्टी ठेवली, नऊशे मीटर भरले, काम झालं. पण पट्टीला भिंत दिसत नाही. वस्ती आणि दुकान यांच्या मधे रेल्वेचा मालधक्का, त्याला दीड पुरुष उंच भिंत. भिंतीत एक लोखंडी दार होतं, पण त्याला बारा महिने कुलूप. भिंतीला वळसा घालून जायचं म्हणजे चार किलोमीटर. जाताना रिकामी पिशवी आणि येताना पंधरा किलोची. म्हाताऱ्या बायका निम्मंच धान्य आणायच्या आणि उरलेलं दुकानदाराच्या घशात जायचं.

शेजारची इस्त्रीवाली त्या दारासमोरून जाताना दर वेळी म्हणायची, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." बाकीच्या बायका हसायच्या. सुताराची बायको हसायची नाही. दमली असेल, असं सुताराला वाटायचं.

त्या दाराचा राखणदार म्हणजे सुताराच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. पंचेचाळिशी उलटली तरी त्याला सगळे बारक्याच म्हणत. आई लवकर गेली म्हणून बहिणीनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या लग्नानंतर तोही तिच्यामागून सुताराच्या घरी आला, दहा वर्षं राहिला, त्याचं लग्नही याच घरातून झालं. मालधक्क्यावर नोकरी लागली तेव्हा ताईने त्याला किल्ल्या अडकवायला निळ्या लोकरीचा गोफ विणून दिला.

दुकान बंद झाल्यावर सुतार त्याच्याकडे गेला होता. एकदा नाही, चार-पाच वेळा. बारक्याचं उत्तर ठरलेलं. किल्ली माझ्याकडे नाही दाजी, मुख्य कार्यालयात आहे. सुतार म्हणाला की किल्लीवाचून काही अडत नाही, मी बिजागऱ्याच काढतो, अर्ध्या तासाचं काम. तेव्हा बायको मधे पडली.

"तो नाही म्हणतो ना, मग नाही. त्याच्याकडे असती तर त्याने मला दिली नसती का?"

मेहुण्यावर शंका घ्यायची म्हणजे तिच्यावरच घेतल्यासारखं. तो विषय त्याने सोडला. ती चालत राहिली. गेल्या वर्षी भर दुपारी, भिंतीच्या वळणावर एक मोठा दगड आहे, त्यावर टेकली ती तिला उठता येईना. एका हातगाडीवाल्याने तिला धान्यासकट घरी आणून सोडलं. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. तिथून पुढे ती सावरली नाही.

समिती येणार त्या सकाळी वस्ती झाडून लख्ख केली होती. इस्त्रीवाली म्हणाली, "आज गटारानेसुद्धा तोंड धुतलंय." तिने सुताराचा शर्ट फुकट इस्त्री करून दिला आणि वर बजावलं की नीट बोला, आमच्या सगळ्यांचे पाय तुमच्या तोंडाकडे बघतायत. सुताराने बायकोची कापडी पिशवी काढली होती, तिच्यात पंधरा किलो विटा भरल्या होत्या. खासदारांनी आळीपाळीने ती उचलायची आणि सगळा वळसा चालायचा, मग फार बोलायची गरजच पडणार नाही, असा त्याचा बेत होता.

पाच खासदार आले. समितीच्या अध्यक्षबाई वयस्कर होत्या, चालायचं म्हणून कापडी बूट घालून आल्या होत्या. सुताराला ते बघून बरं वाटलं. बरोबर पुरवठा अधिकारी होता, काखेत फाईल. चालतच जायचं ना, तो हसून म्हणाला, जाऊ की. आणि रस्त्याला लागायच्या ऐवजी तो डावीकडे वळला, भिंतीकडे.

दार उघडं होतं.

सुताराची नजर आधी बिजागऱ्यांवर गेली, सवयच ती. तेल इतकं ताजं होतं की खाली ओघळून धुळीत काळा ठिपका पडला होता. मग त्याने दाराशी उभ्या असलेल्या बारक्याकडे पाहिलं. अंगावर धुतलेला गणवेश, एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात किल्ली. किल्ली निळ्या गोफात होती. लोकरीला ती जिथे घासायची तिथे गंज मुरून तांबडा पट्टा पडला होता आणि कडेचे धागे विरले होते. असा पट्टा आठवड्यात पडत नाही. वर्षं लागतात.

बारक्याने वर पाहिलं नाही.

मालधक्क्यातून दुकानापर्यंत बारा मिनिटं लागली. एका तरुण खासदाराने हौसेने विटांची पिशवी उचलली. दुकानाशी ती खाली ठेवत तो म्हणाला की वजन आहे खरं, पण अंतर काही विशेष नाही. अधिकाऱ्याने ते वाक्य फाईलमध्ये टिपून घेतलं.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. बायका मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या होत्या. बारक्याला राखणदार म्हणून बोलावलं होतं, तो भिंतीला टेकून उभा. आधी अधिकारी बोलला. नऊशे मीटर, धोरणाच्या मर्यादेत, आपण आत्ताच चालून पाहिलंत. मग अध्यक्षबाईंनी सुताराला उभं राहायला सांगितलं.

त्याने आठ दिवस पाठ केलेलं भाषण डोक्यातून पार पुसलं गेलं होतं. त्याला फक्त तो तांबडा पट्टा दिसत होता. बोललो तर मेहुण्याची नोकरी जाईल, नोकरीबरोबर राहती खोलीही जाईल. तिने पोरासारखा वाढवलेला. पण सगळ्या चालण्यात ज्याच्यावर तिने एका शब्दाने संशय घेतला नाही तो हाच, आणि किल्ली ह्याच्याच खिशात.

"आज बारा मिनिटं लागली," सुतार म्हणाला. "माझ्या बायकोला सव्वा तास लागायचा. का लागायचा ते त्या राखणदाराला विचारा. किल्ली किती वर्षं त्याच्याकडे आहे ते विचारा. तो गोफ बघा म्हणजे समजेल."

अध्यक्षबाईंनी किल्ली टेबलावर ठेवायला लावली. चष्मा लावून पाहिली. मग त्यांनी बारक्याला विचारलं.

"आठ वर्षं," बारक्या म्हणाला.

मागून इस्त्रीवाली हळूच "मेल्या" म्हणाली. सभागृह इतकं शांत होतं की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

बाईंनी अधिकाऱ्याला फैलावर घेतलं. किल्ली जागेवर असताना लोकांना चार किलोमीटर फिरवता, लाज वाटत नाही का, असं विचारलं. अधिकारी मुळीच गडबडला नाही. उभा राहिला, चूक झाली म्हणाला, आणि मालधक्क्याच्या साहेबांची संमती आहे असं सांगून उद्यापासून दार रोज नऊ ते पाच उघडं राहील असं तिथल्या तिथे लिहून दिलं. कागद जणू तयारच होता. बाईंनी तो मोठ्याने वाचला. म्हणजे अंतर नऊशे मीटरच आहे, त्या म्हणाल्या, अडचण दाराची होती, दुकानाची नव्हती. साक्षीदाराने धीर करून खरं सांगितलं म्हणून ती सुटली. त्यांनी सुताराचे आभार मानले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

सुतारही खाली बसला तो जिंकल्यासारखा. फक्त एखादा खण फार सहज बसला की सुताराला शंका येते, तसं काहीतरी आत कुरतडत होतं.

बाहेर नळाशी बारक्या उभा होता. सुतार त्याच्याकडे न बघता पुढे निघाला.

"दाजी, ताईला माहीत होतं."

सुतार थांबला.

मग बारक्याने सांगितलं. दुकान बंद झालं त्याच आठवड्यात तो किल्ली घेऊन घरी गेला होता. दुपारची वेळ, सुतार कामावर. ताईने किल्ली हातात घेतली, गोफावर बोट फिरवलं आणि परत दिली. ती म्हणाली, हे दार उघडलं की त्यांचा नकाशा खरा होईल. मग दुकान कधीच परत येणार नाही. दार तुझ्या साहेबाच्या मर्जीवर, आज उघडेल, उद्या लावेल. दुकान धोरणात लिहिलेलं आहे, ते आपल्या हक्काचं. कुणीतरी येऊन चालून बघेपर्यंत तू दार उघडू नकोस. आणि दाजींना यातलं काही सांगू नकोस.

"मग आज का उघडलंस?"

"परवा साहेबांनी बोलावलं. उघड, नाहीतर खोली रिकामी कर." बारक्याने नळाची धार उगाच बंद केली, परत सोडली. "मला वाटलं तुम्ही उठून एवढंच म्हणाल की हे दार आजच उघडलंय, उद्या बंद होईल. तिच्यासाठी दुकान मागाल. तुम्ही माझी किल्ली काढलीत, दाजी."

सुताराला हात उगारावासा वाटला. पण कुणावर, ते ठरेना.

दार एकोणीस दिवस उघडं राहिलं. विसाव्या दिवशी त्याच्यावर पाटी लागली, सुरक्षेच्या कारणास्तव बंद. बारक्याची लांब बदली झाली. तो भेटायला आला नाही. एका सकाळी सुताराला आपल्या दाराच्या कडीला निळा गोफ अडकवलेला दिसला, नुसता, किल्लीशिवाय. समितीचा अहवाल पोस्टाने आला. वस्तीबद्दल त्यात चार ओळी होत्या. शेवटची अशी, की धान्यदुकानापर्यंत पोचण्याचा प्रश्न स्थानिक साक्षीदाराच्या सहकार्याने जागेवरच निकाली निघाला. इस्त्रीवालीने वाचायला मागितला तेव्हा सुताराने अजून आला नाही म्हणून सांगितलं.

पुढच्या महिन्यात तो धान्य आणायला निघाला. परत येताना वळणावरच्या त्या दगडावर टेकला. पिशवी मांडीशी ठेवली. घरात तीस वर्षं एका ताटात जेवणारी बाई चार वर्षं ही गोष्ट पोटात ठेवून झोपली. तिचे सुजलेले पाय तो रोज शेकत होता, तेव्हाही ती बोलली नाही. भावाला सांगितलं, नवऱ्याला नाही.

"मला सांगितलं असतंस तर मी गप्प बसलो असतो," तो मनात तिला म्हणाला.

थोडा वेळ गेला आणि त्याचं त्यालाच ते पटेना. तिचे पाय बघून त्याने पहिल्याच आठवड्यात बारक्याच्या हातून किल्ली हिसकावली असती. दार सताड उघडलं असतं आणि वर शाबासकी मागितली असती. ती त्याला ओळखून होती. म्हणून बोलली नाही. आणि सभागृहात तो जे बोलला त्याने तिची ओळख खरी ठरवली.

तो उठला. पिशवी खांद्यावर घेतली. अजून दोन किलोमीटर होते.