अबिमाएलने उघडी ठेवलेली जागा

ते १९९९ साल होतं. मोठ्या वादळाला वर्ष उलटून गेलं होतं, तरी हुआना दियाझ गावातल्या कितीतरी घरांवर अजून निळी ताडपत्रीच होती. त्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी माझा निकाल लागायचा होता. सकाळी मी अख्खी होते. संध्याकाळी असेन की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. दोन दारांची, अंगाने हलकी. जन्म जपानमधल्या कारखान्यातला, पण बोटीतून पोर्तो रिकोला उतरले आणि इथलीच झाले. आधी एका शिक्षिकाबाईंनी मला वापरलं. शाळा, चर्च आणि कधीतरी समुद्रकिनारा, एवढंच माझं जग. त्या मला इतक्या हळू चालवत की सायकलवाले पुढे निघून जात.

मग मी अबिमाएलकडे आले. माझ्यासारख्या छोट्या गाड्यांचं इथल्या तरुणांना भारी वेड. रविवारी सालिनासच्या सरळ धावपट्टीवर दोन-दोन गाड्यांची शर्यत लागते आणि अख्खी गावं ती बघायला जातात. अबिमाएलने माझं इंजिन बदललं आणि त्याला टर्बो जोडला. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि अंगात भलतंच बळ येतं. काम करताना तो बेसूर गायचा आणि माझ्याशी बोलायचा. "काय म्हातारे, पाठ दुखते का? थांब, एवढा बोल्ट आवळतो." मला तेव्हा म्हातारी म्हणवून घ्यायला गंमत वाटायची.

वादळ गेल्यावर तो घराच्या छपरावर पत्रे ठोकायला चढला आणि तिथून पडला. त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही.

त्याचे वडील एलेउतेरियो गावातले गाड्या रंगवणारे नामांकित कारागीर. वयाचा मान म्हणून सगळे त्यांना डॉन तेयो म्हणत. लोकांसमोर ते रडले नाहीत. त्यांनी मला आत घेतलं, माझा एकेक भाग सुटा केला आणि रंगवायला लागले. बोनेट उघडून दाखवण्यात इथल्या माणसांना मोठा अभिमान. इंजिनाभोवतीचा पत्रासुद्धा आरशासारखा लागतो. डॉन तेयोंनी तो डाळिंबी लाल केला, हातावर हात चढवत, पॉलिश करत. पुन्हा जोडताना एकेका बोल्टला चकाकी आणली. वर्षभर त्यांनी मुलाचं नाव तोंडातून काढलं नाही. फक्त रंग दिला.

घर काही नीट उभं राहीना. मुलगी इवेलिस हिला फ्लोरिडात नोकरी मिळाली आणि सोमवारच्या विमानाने दोघांनी जायचं ठरलं. मला नेता येणार नव्हतं. डॉन तेयो एवढंच म्हणाले, "ती एकदा पूर्ण जोरात पळालेली ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

म्हणून शनिवारी मला ग्रियोच्या गॅरेजात आणलं. ग्रियो म्हणजे रातकिडा. किडकिडीत आणि सतत बडबडणारा, म्हणून हे नाव. त्याच्याकडे डायनो होता. जमिनीत बसवलेले जाड रोळ, म्हणजे रोलर; त्यांवर मागची चाकं ठेवायची, पट्ट्यांनी बांधायचं आणि जागच्या जागी पळायचं. गाडीत किती बळ आहे आणि कुठे दुखतंय, ते तिथे कळतं. "पळाली तर मी ठेवतो हिला, अबिमाएलच्या नावाने पळवतो," ग्रियो म्हणाला होता. "नाही पळाली तर उभी करायला माझ्याकडे जागा नाही. माझंही छप्पर वादळातच गेलं." आणि दाराशी नोएल येऊन बसला होता. तो गाड्या फोडून भाग विकायचा. त्याचा क्रेनचा ट्रक बाहेर उभा होता.

इवेलिस माझ्या आत बसली. सुरुवात बरी झाली. पण टर्बोने हवा भरायला सुरुवात करताच माझा श्वास अडकला. फट, फट, फट. ठिणगीच नीट पडेना.

"प्लगचं अंतर कमी करू," ग्रियो म्हणाला. केलं. फट, फट. त्याने कॉइल बदलली, वायरी बदलल्या. तेच. त्यात भर म्हणजे क्लच घसरायला लागला. इंजिन किंचाळतंय आणि रोळ आपले रमतगमत फिरतायत. जळक्या क्लचचा वास गॅरेजभर पसरला.

"गेल्या आठवड्यात तर नवी प्लेट टाकली!" इवेलिसचा आवाज चिरकला.

"ग्रियो, त्या रोळांमध्ये ऊस घाल," आल्कापुरिया नावाचा तळलेला वडा खात नोएल म्हणाला. "निदान रस तरी निघेल."

"तू गप बस रे गिधाडा. अजून मेली नाहीये ती."

"मी कुठे काय म्हणतोय? मी जेवतोय."

दुपार गेली. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मित्रांनो, मला माहीत होतं कुठे दुखतंय. पण गाडीला सांगता येत नाही. ती फक्त बंद पडू शकते आणि मी तेच करत होते. मी जितकी तडफडत होते तितका डॉन तेयोंचा चेहरा दगडासारखा होत होता. शेवटी मला बंद करून तासभर उलटला, तेव्हा रंगाच्या रिकाम्या डब्यावरून ते उठले.

"पुरे झालं. देऊन टाका तिला."

"पापा, थोडं थांबा ना."

"कशासाठी? मेलेल्याला किती हाका मारायच्या?"

मुलाबद्दल वर्षभरात ते एवढंच बोलले होते. इवेलिस तोंडावर हात ठेवून उभी राहिली. नोएल उठला, त्याने हात पुसले आणि ट्रकमधून साखळी आणली. माझ्या अंगाला ती लागली तेव्हा किती गार होती, ते मी अजून विसरले नाही.

"थांब!" इवेलिस ओरडली. "एकदा क्लचची केबल बघू दे. ग्रियो, स्टार्टर मार."

स्टार्टर कण्हत कण्हत फिरला. इवेलिसने वाकून केबल धरली आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"तापलीये ही!"

"टर्बोच्या जवळून जाते, तापणारच."

"तिकडे नाही, इकडे पेडलच्या बाजूला. आणि इंजिन तर कधीचं गार झालंय."

ग्रियो बोलायचा थांबला. त्याला गप्प झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याने केबल सोडवली. आतलं प्लास्टिक वितळून चिकटलं होतं. "वीज परत जायला वाट शोधतेय," तो हळूच म्हणाला. "बॅटरीतून इंजिनात आलेली वीज बॉडीच्या पत्र्यातून परत जायला हवी. ती वाट बंद आहे, म्हणून या केबलमधून जातेय. केबल वितळून अडकली, क्लच पुरता धरत नाही. आणि ठिणगीतही जोर राहत नाही. दुखणं एकच आहे."

त्याने अर्थिंगची, म्हणजे वीज पत्र्यात परत नेणारी वायर शोधली. ती होती जागच्या जागी, चकचकीत बोल्टने घट्ट आवळलेली. पण तिच्याखाली डाळिंबी रंग होता, जाड, काचेसारखा आणि वीज अडवणारा.

"डॉन तेयो," ग्रियोने विचारलं, "इथे पत्रा उघडा होता का हो?"

डॉन तेयो बोनेटपाशी आले.

"होता. इथे, आणि तिथे खाली एक. खरवडून ठेवलेला." त्यांनी बोट दाखवलं. "मला वाटलं, पोराचं काम अर्धवट राहिलं. म्हणून मी पुरं केलं."

त्या रंगाला हात लावायला कोणी पुढे होईना. ग्रियोने कानस काढली आणि तशीच खाली ठेवली. इवेलिस म्हणाली, "पापा, मी करू?"

"सरक. मीच दिलाय तो."

ते माझ्यावर वाकले आणि खरवडायला लागले. लाल भुकटी त्यांच्या मनगटावर पडत होती. खालून पत्रा दिसला आणि पत्र्यावर जुन्या कानशीचे ओरखडे, सगळे उलट्या बाजूला कललेले. डॉन तेयोंनी त्यांवरून अंगठा फिरवला.

"डावखुरा होता माझा अबिमाएल," ते म्हणाले.

जिथे ते ओरखडे संपत होते, बरोबर तिथे त्यांचा हात थांबला. मग दुसरी जागा.

"आता केबल कुठून आणायची?" ग्रियो म्हणाला. "दुकानं तर बंद झाली."

नोएल साखळी गुंडाळत होता. "माझ्या ट्रकमध्ये आहे एक. जुनी आहे, पण सरळ आहे." सगळे त्याच्याकडे बघत राहिले. "बघताय काय? घ्या की! मी उद्या शर्यत बघायला जाणार आहे, कोणीतरी पळायला नको?"

इवेलिस पुन्हा आत बसली. या वेळी स्टार्टर एका झटक्यात फिरला. टर्बोने शिट्टी मारली, क्लचने धरलं, रोळ गरजायला लागले आणि माझ्या अंगात वर्षभर अडकलेलं सगळं बळ एकदम सुटलं. भिंतीवरच्या पान्यांचा खडखडाट झाला. डॉन तेयो दाराच्या खांबाला तळवा लावून उभे होते. ती थरथर त्यांच्या खांद्यापर्यंत गेलेली मला दिसली. मी थांबले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता.

"आणखी एकदा," ते म्हणाले.

रविवारी मी सालिनासला पळाले. सोमवारी ते दोघं गेले.

डॉन तेयोंनी फ्लोरिडात गाडी रंगवली नाही. शेजाऱ्यांच्या खिडक्या तेवढ्या रंगवून द्यायचे. त्यांना परत आणलं ते दफनभूमीत अबिमाएलच्या शेजारी ठेवायलाच. इवेलिस तिकडे शाळेची बस चालवते. इकडे आली की माझ्यात बसते, क्लचचं पेडल एकदा दाबून बघते आणि उतरते. नोएलने गाड्या फोडणं सोडलं आणि किनाऱ्यावर तळणाची गाडी लावली. ती केबल त्याने कधी परत मागितली नाही. ग्रियोने मला खूप रविवार पळवलं. डायनोच्या गर्जनेने त्याचे कान गेले. आता तो बोनेटवर हात ठेवून इंजिन ऐकतो, आणि बडबड मात्र पूर्वीइतकीच करतो. डायनो त्याच्या मुलांनी काढून टाकला. रोळांच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्यात आणि त्या फळ्यांवर मी उभी आहे.

माझा डाळिंबी रंग आता उडायला लागलाय. कधीकधी भले लोक येतात, हळहळतात आणि म्हणतात, हिला नवा रंग द्यायला हवा. मित्रांनो, जरूर द्या. मला पुसा, घासा, चकाकवा. जुन्या वस्तूला त्याने बरं वाटतं. पण ब्रश लावण्याआधी एकदा बोट फिरवून बघा. बोनेटखाली दोन ठिकाणी नाण्याएवढा पत्रा उघडा आहे, उलटे कललेले ओरखडे असलेला. ते काम अर्धवट राहिलेलं नाही. तेवढी जागा सोडून रंगवा.