आमच्या आळीत न वाजलेली हलगी

अण्णा गेले तेव्हा सगळं उमापूर आमच्या घरी येऊन गेलं. बायकांनी भाकरी आणली, पिठलं आणलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन मी अण्णांकडे परतले होते. मला वाचायला त्यांनीच शिकवलं, बीडला गेले की पुस्तकंही तेच आणत. आता घरात मी एकटी म्हणून रोज कुणी ना कुणी येऊन बसे. पण सरकारी सारा थकल्यामुळे आमचा नदीकाठचा मळा हर्रासात, लिलावात निघालाय, हे त्यातल्या एकानंही मला सांगितलं नाही.

सांगितलं ते आप्पारावांनी, हर्रास होऊन गेल्यावर. ते शेजारच्या रानाचे मालक. ओसरीवर टेकले आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"अक्का, उभा गहू तुमचाच हाय. काढून न्या. पण उद्यापून विहिरीवर माझी मोट लागंल."

"तुमची? आमच्या विहिरीवर?"

"मळा मी घेतला की हर्रासात." माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते थांबले. "तुमाला ठावं न्हाई? गावभर हलगी वाजली, अक्का."

"आमच्या आळीत नाही वाजली."

"न्हाईच वाजली," कुडापलीकडून शेजारच्या छबुबाई म्हणाल्या. "मी काय बहिरी हाय?"

"मग तुम्हाला कसं ठाऊक होतं, मावशी?"

"बाजारात ऐकलं. पण मयताच्या घरी बसून मळ्याचं काढावं का, बाई? बरं दिसतं का ते?"

अण्णा अंथरुणाला खिळल्यापासून सारा भरायचा राहिला होता, हे मला तेव्हा कळलं. आमचं पोट त्या मळ्यावर होतं. तो गेला तर मला दुसऱ्यांच्या दारी राहावं लागणार होतं.

दवंडी देण्याचं काम सटवाबाकडे. तो वेशीजवळ जाळावर हलगीचं कातडं शेकत बसला होता.

"समद्या गावात दिली," तो म्हणाला. "तुमच्या आळीच्या तोंडाशी आलो अन् हलगी बगलंत मारली."

"का, सटवाबा?"

"दवंडीत नाव घ्यावं लागतं ना, अक्का. तेरा दिवस व्हायच्या आत गेलेल्या माणसाला त्याच्याच दारात नावानं हाक मारत्यात का? जीव अर्ध्या वाटंवरून माघारी फिरतो. अण्णांनी माझं लई केलंय. त्यांना कशापायी अडकवू?"

मला रागावता आलं नाही. अण्णांना हाक मारावी असं त्या दिवसांत मलाही कितीदा वाटलं होतं, आणि मीही मारली नव्हती.

"हे गेवराईला, कचेरीत सांगाल?"

त्यानं हलगी उलटी करून पाहिली. "पाटील म्हनले, समद्या आळ्यांत दिली म्हनून सांग, न्हाईतर काम जाईल." हलगी त्यानं बाजूला ठेवली. मग उठला. "सांगतो. खोटं बोलून अण्णांची लेक बेघर करू व्हय?"

तहसीलदारसाहेब वयस्क होते. अर्ज मीच लिहून नेला होता, तो त्यांनी पेशकाराकडून वाचून घेतला आणि सटवाबाला पुढं बोलावलं. सटवाबानं होतं ते सांगितलं. पेशकार हसला. साहेब हसले नाहीत.

"ज्याचा माल जातो त्यालाच खबर नाही, मग खबर दिली कुणाला? शेजाऱ्यांना?" ते म्हणाले. "आणि जाहीरनामा मयताच्या नावानं. मयत कचेरीत हजर होणार होता काय?"

कचेरीत बोलावलेले आमचे पाटील खाली पाहू लागले.

साहेबांनी हर्रास रद्द केला. वारसाच्या नावानं नवा जाहीरनामा काढावा, तिच्या दारात दवंडी द्यावी आणि सारा भरायला तिला मुदत मिळावी, असा हुकूम झाला. सटवाबाला त्यांनी बरंच सुनावलं, पण काम काढून घेतलं नाही.

बाहेर आप्पाराव कडुलिंबाखाली उभे होते. ते चिडतील असं मला वाटलं होतं.

"सुटलो, अक्का," ते म्हणाले. "मळा घेतला तवापून घरचं मानूस बोलंना. नुसती भाकर आपटती समोर."

घरातलं धान्य विकलं तर सारा फिटणार होता. परतीच्या वाटेवर, बैलगाडीत, कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आळीत हलगी वाजली. माणसं दारांत आली. सटवाबा आमच्या ओट्यासमोर उभा राहिला आणि त्यानं खड्या आवाजात पुकारा केला, "ऐका हो ऐका, चंद्रभागाबाई, त्रिंबकरावांची लेक, नदीकाठच्या मळ्याची मालकीण, हिला खबर देन्यात येती..."

अण्णांचे दिवस होऊन गेले होते. आता त्यांचं नाव घ्यायला हरकत नव्हती.

"बाईमानसाच्या नावानं हलगी," छबुबाई म्हणाल्या. "सारा थकवला म्हनून गावभर बोभाटा झाला, अन् ही बघा, हसतीया."

सटवाबा हलगी खांद्याला लावून निघाला.

"आळीच्या त्या टोकालाही जाऊन या," मी म्हटलं.

"तिकडं कुनी ऱ्हात न्हाई, अक्का."

"तरी जाऊन या. या खेपेला पुरी आळी वाजू द्या."

तो गेला. त्या टोकावरून हलगीचा आवाज ऐकू येईपर्यंत मी दारात उभी राहिले, आणि मग धान्याच्या कणगीचं तोंड उघडायला आत वळले.