शेवटचा नग

दुकान बंद झालं तेव्हा सगळी गल्ली हळहळली, आणि काकूंच्या कपाळाला आठी पडली ती कायमची. लोकांचं काय जातंय? "गेलं हो दुकान" म्हणायचं, सुस्कारा टाकायचा आणि आपापल्या घरी जायचं. काकूंच्या घरी मात्र ते गेलेलं दुकान राहायलाच आलं होतं.

नाक्यावरचं ते दुकान काकांचं. बल्ब, होल्डर, इस्त्र्या, पंखे, कुकर, बादल्या, गाळण्या, असं सगळं घरगुती सामान. वस्तू काउंटरवर चालू करून दाखवल्याशिवाय काका ती गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. "चालू आहे, बघून घ्या. मागाहून मला बोलायचं नाही." इथवर ठीक होतं. पण काकांचा दुसरा नियम जगावेगळा होता. कुठल्याही वस्तूचा शेवटचा नग विकायचा नाही. तो नमुना! नमुनाच गेला तर पुढचा माल मागवायचा कशावरून? गिऱ्हाईक हातापाया पडलं तरी काका ढिम्म. आणि पुढचा माल मागवायचं मात्र हमखास राहून जायचं. मग छताला टांगलेल्या नव्याकोऱ्या पंख्याकडे बघत, घाम पुसत, गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. असं दुकान बंद पडणार नाही तर काय होणार?

तर शटर पडलं, तिथे केस कापायचं दुकान आलं, आणि प्रत्येक वस्तूचा एकेक नग काकूंच्या पुढच्या खोलीत येऊन बसला. खिडकीपासून दारापर्यंत नुसते खोके. स्वयंपाकघरात काकूंचा मिक्सर फडक्याने बांधलेला, सुरू केला की रेकायचा, आणि पलीकडच्या खोलीत नवा मिक्सर खोक्यात आरामात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्यात शेजारचा सुतार येता-जाता आठवणी काढायचा.

"काय दुकान होतं काकू! नाव काढा, वस्तू हजर."

"हजर असायची. मिळायची का?"

"तसं नाही, पण..."

"तुम्ही शेवटचं काय घेतलंत तिथून?"

सुताराने बराच वेळ डोकं खाजवलं. "एक मिक्सर बघितला होता," तो म्हणाला.

काकू फणकाऱ्याने आत निघून गेल्या.

मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, जिना अजिबात चढायचा नाही. झोपायची खोली वर. म्हणजे पलंग खाली पुढच्या खोलीतच लागायला हवा. काकूंनी काकांना समोर बसवलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "मी परत येईपर्यंत खोली रिकामी झाली नाही, तर मी धाकट्या बहिणीकडे जाईन. आणि तिथेच राहीन. ही धमकी नाही, सांगून ठेवते आहे. त्या पसाऱ्यातली एकच वस्तू मला ठेवा. ती लांब वायरची बेल. उशाशी लावेन. तुम्हाला बोलवायला."

"बघतो," काका म्हणाले.

हे 'बघतो' काकू लग्न झाल्यापासून ऐकत होत्या. काका सकाळी दुकानात जायचे ते रात्री परतायचे, हाकेच्या अंतरावर असे कधी नव्हतेच. मुलगा लहान असताना एकदा तापाने फणफणला, तेव्हा काकू तशाच धावत दुकानात गेल्या. पुढे गिऱ्हाइकं. त्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा बल्ब तपासता तपासता, मान वर न करता काकांनी विचारलं होतं, "काय पाहिजे?" मुलगा बरा झाला, मोठा झाला, परगावी गेला. त्या प्रश्नाचा राग काकूंनी अजून जपून ठेवला होता, नमुन्यासारखा.

दवाखान्यातून त्या रोज फोन करायच्या. "झाली का खोली?" पलीकडून उत्तर यायचं, "चाललंय." काय चाललंय, देव जाणे. धाकट्या बहिणीने आपल्या घरी गादी घालून ठेवली.

सुट्टी मिळाली त्या दिवशी गाडी दाराशी थांबली तेव्हा काकू म्हणाल्या, "सामान उतरवू नकोस. आधी बघते." आणि बहिणीच्या खांद्यावर हात टाकून उंबऱ्याशी आल्या.

खोली रिकामी होती. खिडकीशी पलंग, त्यावर धुतलेली चादर. खोके होते तिथे भिंतीला तेवढेच उजळ चौकोन. सुतार पलंगाचा पाय ठोकत होता.

"अख्खी गल्ली लोटली होती काकू! काकांनी एकेक वस्तू चालू करून दिली. मला मिक्सर मिळाला."

"मिक्सर दिलात?" काकू काकांकडे वळल्या. "बरं. बेल कुठाय?"

काकांनी मान खाली घातली. "ती पण गेली. गर्दीत... देता देता..."

"एक! एक वस्तू मागितली होती मी!" काकूंना रडू की राग तेच कळेना. "जन्मभर शेवटचा नग कुणाला दिला नाहीत, आणि मी मागितला तर तोच नेमका वाटून टाकलात? आता मी काय थाळी बडवू?"

सुतार हातोडा तिथेच टाकून सटकला. बहीण हळूच म्हणाली, "ताई, गाडी उभी आहे."

काका आत गेले आणि दुकानातलं आपलं उंच स्टूल घेऊन आले. तेवढं कुणाला दिलेलं नव्हतं. ते त्यांनी पलंगाजवळ, दाराच्या आत ठेवलं. "मी इथे बसत जाईन. आत असलो तर हाक मार. आता मला जायचंय कुठे?" म्हणाले, आणि पाणी आणायला आत गेले.

काकू पलंगाच्या कडेला टेकल्या. गुडघा ठणकत होता. स्टुलावर बसून बसून पडलेल्या खळग्याकडे त्या बघत राहिल्या.

"अहो!"

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. काका ओल्या हातांनी धावत आले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. चेहऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "काय पाहिजे?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "चालू आहे का, बघून घेतलं."

मग त्यांनी बहिणीला गाडीतलं सामान उतरवायला सांगितलं.