ठेवणीतलं टोपडं

मशिन चालू होतं, पण घर मुकं होतं.

जिना चढून दाराशी आल्यावर नणंदेला पहिल्यांदा तेच जाणवलं. पायमशिनचा खडखडाट नेहमीचाच होता. त्या खडखडाटावर स्वार होऊन येणारा वहिनीचा आवाज मात्र नव्हता. वहिनी या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हापासून मशिन आणि तिचा गळा जणू एकाच पट्ट्यावर फिरत आले होते. चाक फिरलं की तिला ओळी सुचायच्या. गिऱ्हाइकाच्या वाढत्या कमरेवर, नवऱ्याच्या घोरण्यावर, जिन्यातल्या लंगड्या मांजरावर. यमकाला यमक भिडलं की शिवण पुरी.

त्यातलं सगळ्यात जुनं कडवं नणंदेवरचं. ती सात वर्षांची असताना तिचा पुढचा दात हलायला लागला आणि ती कुणाला हात लावू देईना. वहिनीनं दाताला दोरा बांधला, दुसरं टोक मशिनच्या चाकाला गुंडाळलं आणि म्हणाली, डोळे मीट नि दहापर्यंत मोज. तीनलाच तिनं चाक फिरवलं. रडू यायच्या आत तिच्या कानावर ओळी आल्या होत्या:

माझ्या नणंदेच्या मुखी एक खिडकी उघडी,
हसू सांडतं बाहेर, तिला नाही गं कवाडी.

त्या दिवसापासून तिचं नाव खिडकी पडलं. पुढे नवा दात आला, शाळा झाली, कॉलेज झालं, ती दातांची डॉक्टर झाली, दोन गल्ल्या पलीकडे दवाखाना थाटला आणि त्याच्याच माडीवर राहायला गेली. पण वहिनी भर पेशंटांत "खिडके, डबा राहिला" म्हणून हाक मारायची ती मारायचीच.

आता दोन महिने झाले, ती हाक दादा मारत होता. वहिनीला बोलायचं म्हटलं की डाव्या कानापुढे कट्ट असा आवाज यायचा आणि जबडा मध्येच अडायचा. सकाळी उठायची ती डोकं धरूनच. कानाच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं, कान स्वच्छ आहेत. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. घास बारीक करकरून, चहा गार करकरून तिचं चाललं होतं. या मोसमाचे कपडे झाले की मशिनवर चादर टाकते, असं ती म्हणू लागली होती. ज्या मशिनशी बोलता येत नाही, त्याच्यासमोर बसून करायचं काय?

दादाला विचारलं तर तो म्हणाला, "बावीस वर्षांत पहिल्यांदा या घरात माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं जातंय. आणि मला करमत नाहीये बघ."

नणंद मनाशी म्हणाली, एवढी शिकले ती कशासाठी? पण वहिनीला खुर्चीत बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. वहिनीचं म्हणणं सरळ होतं: तुझं नाक मी पुसलं, आणि तू माझ्या तोंडात हात घालणार? शेवटी दादानंच तिला दवाखान्यात आणून सोडलं, चप्पल ताब्यात घेतली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

नणंदेनं तोंड तपासलं. उजव्या बाजूच्या दोन दाढा नव्हत्या, शेजारचे दात त्या जागेत कलंडले होते आणि चावताना सगळा जबडा डावीकडे सरकत होता. दाढा कधी काढल्या, तिनं विचारलं.

"तुझं कॉलेज सुरू झालं त्या वर्षी. ते म्हणाले, वाचवायच्या तर पाच वेळा यावं लागेल. म्हटलं, काढा."

"पाच वेळा का नाही गेलीस?"

 त्या वर्षी वहिनीनं शाळेचे गणवेश शिवायला घेतले होते, हे नणंदेला ठाऊक होतं. कशासाठी घेतले होते, हेही ठाऊक होतं. तिनं हातमोजे उगाचच काढले आणि नवे घातले.

मग शिंपिणीला समजेल अशा भाषेत तिनं सांगायला घेतलं. कॉलर आणि गळा मापात नसले तर काय करतेस? ओढून बसवते, वहिनी म्हणाली. तेच तुझे गालाचे स्नायू करतात, नणंद म्हणाली. वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत, म्हणून दिवसभर जबडा ओढून जागेवर बसवतात. रात्रीही सोडत नाहीत. दमतात आणि डोक्यावर राग काढतात. आपण दातांना काही करायचं नाही. आधी स्नायूंना सैल सोडायचं, सैल सुटल्यावर जबडा कुठे जाऊन बसतो ते बघायचं, आणि त्या मापाचं कवच खालच्या दातांवर घालायचं. नाही जमलं तर काढून ठेवता येतं. यातून जातंच अशी खात्री मी देणार नाही, पण करून बघू.

"म्हणजे दातांचं टोपडं," वहिनी म्हणाली.

नणंदेनं तिच्या कानांपुढे आणि मानेवर चिकटपट्ट्या लावल्या आणि यंत्राचं बटण फिरवलं. दर दीड सेकंदाला विजेची बारीकशी थाप पडायची आणि वहिनीची हनुवटी हलकेच उचलायची. पुन्हा थाप, पुन्हा उचल.

"डोळे मीट. दहापर्यंत मोज."

"तीनलाच ओढणार ना?" वहिनीनं दातांआडून विचारलं.

पण ती मोजता मोजता सातावरच झोपली. पाऊण तास झोपली. नणंद तिच्या शेजारी स्टुलावर बसून राहिली. यंत्राच्या पडद्यावर गालाच्या स्नायूंच्या रेघा आधी काटेरी कुंपणासारख्या होत्या, त्या हळूहळू शेताच्या बांधासारख्या निवांत झाल्या. वहिनी दिवसाउजेडी झोपलेली तिनं जन्मात पाहिली नव्हती. कपाळावरची आठी गेली, गाल सुटले, ओठ किंचित उघडले, आणि त्या सैलावलेल्या चेहऱ्यातून एक वीस वर्षांची मुलगी डोकावून गेली. चाकाला दोरा बांधणारी तीच.

जबडा सैल होता तेवढ्यात दातांमध्ये मऊ लुकण भरून तिनं माप घेतलं. आठ दिवसांत पारदर्शक, कडक टोपडं तयार झालं. कडा तिनं स्वतःच्या हातानं घासून गुळगुळीत केल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दिवसरात्र घालायचं, जेवतानाही. काढायचं ते फक्त धुवायला, असं दोनदा बजावलं.

दर आठवड्याला वहिनी टोपडं घालून तपासायला यायची. दातांखाली निळा कागद ठेवून चाव म्हटलं की सगळीकडे सारखे ठिपके उठायचे. खुर्चीत सगळं झकास. घरी गेलं की पुन्हा कट्ट, पुन्हा डोकं. तीन आठवडे हेच. घालतेस ना, नणंदेनं विचारलं. घालते की, वहिनी म्हणाली. टोपड्यावर एक चरा नव्हता, काचेसारखं लखलखत होतं. नणंदेला स्वतःच्या कामाचा थोडा अभिमानच वाटला, आणि वाटला म्हणून ती आणखीच घाबरली. काम चोख असूनही दुखणं जात नसेल, तर मग आपल्याला काही येत नाही. सगळ्या गावाचे जबडे बसवले, आणि ज्या तोंडानं आपल्याला हसायला शिकवलं तेवढंच बसवता येऊ नये?

चौथ्या आठवड्यात एका दुपारी वीज गेली, दवाखाना बंद करावा लागला आणि ती न सांगता वहिनीकडे आली. दार उघडंच होतं. वहिनी मशिनवर वाकली होती. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात पाच टाचण्या दाबून धरलेल्या. शिवण संपली तशी तिनं मान वाकडी करून दोरा दातानं तोडला. टोपड्याचा पत्ता नव्हता.

"वहिनी. टोपडं कुठंय?"

वहिनीनं टाचण्या एकेक करून काढल्या. चोरी पकडलेल्या पोरीसारखी उठली, कपाट उघडलं. ठेवणीतल्या कपड्यांच्या खाली, डांबरगोळ्यांपासून दूर, मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेली डबी होती. डबीत टोपडं, त्याच्याखाली कापूस.

"तुझ्या हातचं आहे," वहिनी म्हणाली. "टाचण्यांनी चरे पडले असते. तुझ्याकडे येताना घालायचे ना. दुपारचं जेवण झाल्यावरही घालते थोडा वेळ."

नणंदेला आधी राग आला, मग हसू. तीन आठवडे ती डॉक्टरसारखं विचारत होती आणि वहिनी पेशंटसारखं उत्तर देत होती. आणि ते लखलखणं! चरा नाही म्हणजे वापर नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं. तिला ते आपलं कौशल्य वाटलं होतं.

ती पलंगावर बसली. "तू शिवलेला झगा मी कपाटात ठेवून जुनाच घालत राहिले असते तर?"

"पाठीत धपाटा घातला असता."

"वहिनी, हे चरे पडायसाठीच असतं गं. चरा पडला की मला कळतं तुझा जबडा कुठे घासतोय. तेवढं मी काढणार, पुन्हा चरा पडणार, पुन्हा काढणार. तू तरी गिऱ्हाइकाला घालून बघितल्याशिवाय झगा बसवतेस का?"

वहिनीनं डबी उघडली, टोपडं धुतलं आणि दातांवर चढवलं. मग सवयीनं टाचण्या उचलून तोंडाकडे नेल्या. टोपड्यावर टक् झालं. 

नणंदेनं चिंध्यांच्या टोपलीतून एक तुकडा उचलला आणि टाचण्या टोचायला मनगटावर बांधायची उशी शिवायला घेतली. लहानपणी वहिनीनं तिला शिवण शिकवायचा चंग बांधला होता आणि महिन्याभरात हात जोडले होते. टाके अजूनही तसेच होते, पावसात पळणाऱ्या कोंबड्यांसारखे. वहिनीची बोटं दोनदा पुढे आली, उसवून नीट घालून द्यावं म्हणून, आणि दोनदा मागे गेली. उशी एका बाजूला फुगीर, एका बाजूला पोकळ अशी तयार झाली. वहिनीनं ती डाव्या मनगटावर बांधली आणि पाचही टाचण्या टोचल्या.

सवय एका दिवसात मोडत नाही. दादा सांगायचा, दिवसातून वीसदा हात तोंडाकडे जातो, टक् वाजतं, मग उशीकडे वळतो. पुढच्या आठवड्यात वहिनी तपासायला आली तेव्हा टोपड्यावर चऱ्यांचं जाळं होतं. नणंदेनं ते उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिलं. मागच्या बाजूला एका जागी खोल घासलं होतं. निळ्या कागदानं तेवढंच उमटवून तिनं ते उतरवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी थोडं. वहिनीची सकाळची डोकेदुखी आधी दिवसाआड झाली, मग आठवड्यातून एकदा. कट्ट पुरतं गेलं नाही. जांभई दिली की येतंच, म्हातारं मांजर उंबऱ्यापाशी येतं तसं. पण तोंडात तीन बोटं मावू लागली. मशिनवर चादर टाकायची गोष्ट पुन्हा निघाली नाही, आणि नणंदेनंही ती काढली नाही. दृष्ट लागते.

महिनाभरानं एका संध्याकाळी ती दवाखान्यातून वहिनीकडे आली. जिन्याच्या अर्ध्यावर मांजर बसलं होतं, त्याला ओलांडून वर निघाली आणि तिथंच थांबली. मशिन चालू होतं. मशिनवर आवाज होता. टोपड्यामुळे थोडा बोबडा, स चा श करणारा, चार-पाच महिन्यांचा गंज चढलेला, पण ताल तोच:

नणंद माझी डाक्टर, तिचा टाका गं वाकडा,
तिनं शरळ केला गं माझा जन्माचा जबडा.

आतून दादाचं हसणं ऐकू आलं. नणंद जिन्यावरच बसली. मांजर येऊन मांडीला घासलं. तेच कडवं पुन्हा झालं, या वेळी शेवटच्या शब्दावर गळा जरा लांबवून. तोंड किती उघडलं असेल त्याचा अंदाज तिनं आपोआप बांधला आणि स्वतःवरच हसली.

मशिन थांबलं. सात वर्षांच्या पोरीला मारावी तशी हाक आली.

"खिडके, जिन्यात बशून काय ऐकतेश? आत ये. नि येताना ती दारामागची कात्री दे मला. दोरा कापायचाय."