वीरधवल की नाथाजी

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. चिकटवायचा नव्हे आणि शिंप्याच्या गळ्यातलाही नव्हे. मी गाडीत बसवलेला, कॅसेट वाजवणारा टेप. उंब्रजच्या नाक्यावर कोयनानगरला जाणारी एक पांढरी जीप उभी असते. तिच्या स्टिअरिंगशेजारच्या खाचेत माझा मुक्काम आहे. माझं आवाजाचं बटण कधीच गळून पडलं, म्हणून तिथं मालकांनी शर्टाचं बटण डकवलं आहे. नवे लोक त्याला हसतात. हसोत बापडे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. लांबलचक टेबल होतं आणि दोन्ही बाजूंनी बायका बसलेल्या होत्या. कुणी माझ्या पोटात मोटार बसवली, कुणी तारा जोडल्या. मग खोक्यात बंद होऊन मी सांगलीच्या एका दुकानात आलो. तिथला दुकानदार माझ्यात भक्तिगीतं लावून गिऱ्हाइकांना ऐकवायचा. मला वाटलं, चला, आयुष्य पुण्याईत जाणार.

एके दिवशी जैनुद्दीन दुकानात आले. तेव्हा ते तरणेबांड होते, जीप नवीच घेतलेली होती. त्यांनी खिशातून स्वतःची कॅसेट काढली आणि म्हणाले, "ही लावा. ही झेपली याला तर घेतो, न्हाईतर नगं."

कॅसेट आत गेली आणि माझी काच थरथरली. इलेक्ट्रिक गिटारीचा खरखरीत गडगडाट, त्यामागं ड्रमचे दणके आणि त्यावर एका माणसाचा आवाज, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. दुकानदारानं कानावर हात ठेवले. जैनुद्दीन मात्र डोळे मिटून मान हलवत होते. गाणं संपेपर्यंत मी तग धरला, आणि त्या एका परीक्षेवर माझी नोकरी पक्की झाली.

ती कॅसेट होती 'घणाघात' या बँडची. कोयनानगरच्या धरण वसाहतीतल्या पोरांनी काढलेला बँड. शहरातली मुलं अशा संगीताला हेवी मेटल म्हणतात. आमच्या गाडीतून भाजी नेणाऱ्या तानुबाई त्याला 'पत्रा बडवायचं गाणं' म्हणत. पहिल्या कॅसेटचं आणि तिच्यातल्या पहिल्या गाण्याचं नाव होतं 'हादरा'. ज्या भूकंपाच्या गावात भांडी फळीवरून खाली आली की आधी दाराकडं पळायचं असतं, तिथल्या पोरांनी दुसरं काय नाव ठेवायचं? सुरुवातीला जैनुद्दीन वसाहतीत शिरताना मला मोठ्यानं वाजवायचे. एकदा 'हादरा'चा ड्रम सुरू झाला आणि दोन चाळी रिकाम्या झाल्या. लोक लेकरं काखोटीला मारून बाहेर आले आणि समोर बघतात तर आमची जीप! त्या दिवशी मालकांनी जी बोलणी खाल्ली, ती मला माझ्या सगळ्या कॅसेटींपेक्षा पाठ आहेत. तेव्हापासून वसाहतीचं वळण आलं की माझा आवाज आपोआप खाली येतो.

आमची गाडी म्हणजे वडाप. आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, पण तुमच्यापैकी कुणी लांबचं असेल तर सांगतो. वडापला वेळापत्रक नसतं. गाडी भरली की सुटते, आणि भरेपर्यंत सुटत नाही. मग नाक्यावर उभं राहायचं आणि माणसांची वाट बघायची. माझं सगळं सुख या वाट बघण्यात होतं, कारण तेवढ्या वेळात आप्पासो आणि जैनुद्दीन भांडायचे.

आप्पासो माणदेशातले, दहिवडीकडचे. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. हे मात्र वायरमन होऊन धरण वसाहतीत कामाला लागले. शनिवारी गावाकडं जायचे आणि सोमवारी सकाळी उंब्रजला येऊन आमच्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचे. 'घणाघात'च्या पहिल्या कार्यक्रमाला वीज त्यांनीच जोडून दिली होती, आणि दुसऱ्याच गाण्याला फ्यूज उडाला होता. त्याचाही त्यांना अभिमान होता.

भांडण एकच होतं. बँडचा पहिला गायक वीरधवल श्रेष्ठ की दुसरा गायक नाथाजी?

वीरधवल तीन कॅसेटी गाऊन मुंबईला निघून गेला. त्याच्या जागी नाथाजी आला आणि पुढं वर्षानुवर्षं टिकला. जैनुद्दीन वीरधवलचे. त्यांनी त्याला प्रत्यक्ष कधीच ऐकलं नव्हतं. पहिल्यांदा पैसे जमवून कार्यक्रमाला गेले, तर मंचावर नाथाजी उभा! वीरधवल त्याच्या थोडंच आधी बँड सोडून गेला होता. मालक अर्ध्यातून उठून आले. ती हुरहुर त्यांच्या मनातून कधी गेलीच नाही.

"वीरधवलचा शब्द न् शब्द कळतोय," मालक म्हणायचे. "तुझा नाथाजी काय म्हनतोय ते त्याच्या आईला तरी कळतंय का?"

"कळून काय करायचंय?" आप्पासो म्हणायचे. "गानं हाय का तलाठ्याचा दाखला? अंगावर काटा आला पायजे. आन्‌ जो सोडून गेला त्याचं कसलं कौतिक, जैनू? आमच्या मानदेशात घरटी एक मानूस मुंबैला गेलाय. मागं राहून घर धरलं कुनी, ते बघावं. नाथाजीनं बँड धरला."

"गेला म्हून आवाज गेला व्हय रं?"

"आवाज आसंल. मानूस न्हाई."

मागून तानुबाई भाजीची पाटी सांभाळत निकाल द्यायच्या, "दोगंबी वरडत्यात. तुमीबी वरडताय. गाडी सोड की आता!"

पण तानुबाईंचं गुपित मला ठाऊक होतं. ज्या दिवशी मी बंद असायचो, त्या दिवशी त्याच आधी विचारायच्या, "आज पत्रा न्हाई व्हय रं, जैनू?"

त्या वर्षांत माझे लाड होते. मालक कापसाच्या बोळ्यानं माझं तोंड पुसायचे. एका जुम्म्याला घाईत त्यांनी कानातला अत्तराचा फायाच काढून फिरवला. अत्तर तेलकट, त्यामुळं माझा घसा धरला. सगळ्या गाडीत गुलाबाचा घमघमाट आणि वीरधवल मात्र पाण्यात बुडाल्यासारखा गातोय! आप्पासो म्हणाले, "आता खरा आवाज लागला बग त्याचा." मालक चिडले, आणि मग दोघं इतके हसले की गाडी भरलेली त्यांना कळलीच नाही.

दिवस असे सरले. पुढं प्रत्येकाच्या दारात मोटारसायकल आली आणि वडाप भरेनाशी झाली. कॅसेटी मिळेनाशा झाल्या. मालकांची मुलगी नूरीन मोठी झाली. तिनं कुठून तरी वायर लावलेली एक पोकळ कॅसेट आणली. ती माझ्या तोंडात घातली की तिच्या फोनमधली गाणी माझ्यातून वाजायची. मला त्याचा थोडा अपमान वाटायचा. शब्द माझे नसताना ओठ हलवायचे म्हणजे काय! पण तिच्यामुळंच 'घणाघात'ची नवी गाणी आम्हाला ऐकायला मिळाली. भांडणाला नवं सरपण आलं.

मग गेल्या हिवाळ्यात नूरीन धावत आली. "अब्बा, 'घणाघात'चा सांगलीत शेवटचा कार्यक्रम आहे. त्यानंतर बँड बंद. आणि वीरधवल येणार आहे! तो आणि नाथाजी, दोघं एकाच मंचावर."

मालक नुसते माझ्या शर्टाच्या बटणावरून अंगठा फिरवत बसले. आप्पासोंची नोकरी त्याच महिन्यात संपत होती. वसाहतीतली खोली सोडून ते कायमचे गावी जायचे होते. म्हणजे बँडही चालला होता आणि भांडणारा माणूसही. मालकांनी ठरवलं, आप्पाला घेऊन जायचं आणि वीरधवलला एकदा या कानांनी ऐकायचं.

"आता निकालच लागंल," आप्पासो म्हणाले.

"लागू दे. तू तयारीत ऱ्हा रडायच्या," मालक म्हणाले.

कार्यक्रम दुपारी सुरू होऊन दिवेलागणीला संपणार होता. आम्ही वेळेच्या बरंच आधी निघालो. निघालो म्हणजे काय, नाक्यावर आलो आणि मालकांनी सवयीनं गाडी उभी केली. वडापवाल्याला रिकामी गाडी न्यायची म्हणजे उपाशी माणसाला दारातून परत पाठवल्यासारखं वाटतं. "कऱ्हाडपतूर चार मान्सं घेऊ," म्हणाले. चार माणसं यायला वेळ लागला. तेवढ्यात भांडण रंगलं, दोघं मिळून आधी कोणतं गाणं गातील यावर.

कऱ्हाडला माणसं उतरली. पुढं इस्लामपूरच्या अलीकडं एका बाईनं हात केला. मालकांचा पाय ब्रेकवर गेला. खरं सांगतो, त्यांनी तो ठेवला नाही, तो गेला. आणि आप्पासोंची तऱ्हा बघा! गाडी थांबायच्या आधीच ते सरकून बसले होते. पंधरा-वीस वर्षांची सवय, कुणी चढणार दिसलं की अंग चोरायचं. नूरीन मागून ओरडली, "अब्बा, आज आपण वडाप नाही!" मालक म्हणाले, "व्हय व्हय, आता कुनालाच न्हाई घ्यायचं." आणि आष्ट्याच्या फाट्यावर एक म्हातारा हात करून उभा होता. त्याच्याजवळ दोन पोती होती, आणि त्याचं घर रस्त्यापासून आत होतं. त्याला पोत्यांसकट दारात सोडलं. त्याच्या सुनेनं चहा टाकला. नको म्हणवेना.

मी आतून तळमळत होतो. माझ्यातून आवाज निघतो, पण माझा स्वतःचा नाही. नाहीतर मी ओरडलो असतो.

सांगलीच्या त्या मैदानाशी पोचलो तेव्हा सूर्य भिंतीमागं गेला होता आणि फाटक बंद होतं. आत सोडायचं थांबवलं होतं. फाटकावरचा माणूस भला होता, पण म्हणाला, "काका, शेवटचं गाणं सुरू आहे. आता गर्दी बाहेर पडेल, आत नाही सोडता येणार."

नूरीन रडकुंडीला आली. मालक जीपमध्ये परत येऊन बसले. आप्पासो शेजारी बसले. दोघांनी काचा खाली केल्या. भिंतीपलीकडून 'हादरा' ऐकू येत होतं. हजारो माणसांचा गलका, ड्रमचे दणके आणि त्यातून वर येणारा एकच आवाज. भिंतीनं आणि वयानं तो इतका घासला गेला होता की शब्द काही लागत नव्हते.

त्या आवाजानं दोघांच्याही अंगावर काटा आला. मी पाहिलं.

मालक म्हणाले, "नाथाजी हाय रं, आप्पा. तुझाच हाय. लय भारी गायला गड्या. मी उगंच नावं ठिवली."

आप्पासोंनी मान हलवली. "न्हाई जैनू. वीरधवल हाय त्यो. गेल्याला मानूस माघारी आलाय बग. तुझं खरं हुतं."

"आरं, नाथाजी हाय!"

"वीरधवल हाय म्हनतो की!"

आणि मित्रांनो, ते पुन्हा भांडायला लागले, पण उलटे! उंब्रज येईपर्यंत मालक नाथाजीची बाजू लढवत होते आणि आप्पासो वीरधवलची. शब्दही एकमेकांचेच वापरत होते. नूरीन मागच्या सीटवर हसता हसता डोळे पुसत होती. तो आवाज कुणाचा होता, हे मला ठाऊक आहे. तो वीरधवलचाच होता. इतकी वर्षं तो माझ्या पोटातून गेलाय, मी चुकणार नाही. जैनुद्दीनही चुकले नसतील, असं मला राहून राहून वाटतं. ज्याच्यासाठी आयुष्यभर झुरले, तो त्यांनी आपल्या दोस्ताच्या नावावर करून टाकला.

पुढच्या आठवड्यात आप्पासो ट्रंक घेऊन उतरले, मालकांच्या खांद्यावर थाप मारली आणि दहिवडीच्या एस.टी.त बसले. फोन येतात अधूनमधून. मेंढरांचं, पाण्याचं बोलणं होतं. फोनवर भांडण नीट होत नाही. समोरचा रागानं सीटवर पुढं सरकलेला दिसावा लागतो.

आता मी थकलो आहे. माझी मोटार कुरकुरते, एका बाजूचा स्पीकर फाटला आहे. नूरीन नवा, पडद्यावाला टेप बसवायचं म्हणते आणि मालक 'बगू' म्हणतात. वस्तू जपा, धूळ पुसा, हे मी तुम्हाला सांगायला हवं. पण ते तुमच्या गुरुजींनी सांगितलंच असेल. मला काळजी माझी नाही.

हल्ली सोमवारी सकाळी मालक नाक्यावर गाडी लावतात आणि माझ्यात नाथाजीची कॅसेट घालतात. होय, नाथाजीची. आवाज मोठा करतात आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडं बघत राहतात. लोक येतात, बसतात, आपापल्या फोनमध्ये मान घालतात. तानुबाईंनाही आता नीट ऐकू येत नाही. गाणं संपतं. कुणी काहीच म्हणत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. कधी उंब्रजला आलात आणि शर्टाच्या बटणाचा टेप असलेली जीप दिसली, तर पुढच्या सीटवर बसा आणि माझ्या मालकांना सांगा, "काका, काय हा भिकार नाथाजी लावलाय! वीरधवलची सर आहे का याला?"

ते चिडतील. चिडू द्या. मला त्यांना एकदा चिडलेलं बघायचं आहे.