हितेशच्या बॅगेतली वेप

आप्पांनी रुमालात गुंडाळलेली वस्तू सुनेच्या पुढ्यात ठेवली, पण त्याआधी दाराकडे एकदा नजर टाकली. खरं तर डोंबिवलीच्या त्या फ्लॅटमध्ये दोघांशिवाय कुणीच नव्हतं. हितेश लिफ्ट बसवायच्या कामासाठी नाशिकला गेलेला.

"त्याच्या जुन्या बॅगेत सापडलं," आप्पा म्हणाले. "मला आधी पेनड्राइव्हच वाटला."

कृतिकाने रुमाल उलगडला. काळी, बोटाएवढी वस्तू, एका टोकाला चपटं तोंड. वेप होती ती, बॅटरीवर चालणारी सिगारेट. असल्या वस्तू विकायला बंदी असली तरी स्टेशनजवळच्या टपऱ्यांवर गुपचूप मिळतात, हे तिलाही माहीत होतं.

"बंद पडलंय वाटतं," आप्पा म्हणाले. "तू चालू करून बघ. म्हणजे कळेल तरी, ओढतो की नुसतंच पडून होतं."

त्यांच्यावर शंका घ्यावी असं तिला काहीच वाटलं नाही. हृदयाचं दुखणं झाल्यावर आप्पांनी चाळीस वर्षांची बिडी एका दिवसात सोडली होती. साताऱ्याचे नातेवाईक अजून त्यांचं उदाहरण द्यायचे. शंका आली ती नवऱ्याची. महिनाभर बाथरूममध्ये पुदिन्यासारखा वास यायचा. विचारलं तर हितेश हसून म्हणालेला, "टूथपेस्टचा असेल." रात्री जेवण झालं की फोन घेऊन गच्चीवर जायचा, तेही तिला आता आठवलं.

कृतिका नौपाड्यात एका दवाखान्यात कर्णयंत्रं दुरुस्त करायची. चार्ज न होणारी यंत्रं हे तिचं रोजचंच काम. तिने घरातला हत्यारांचा छोटा डबा काढला आणि आधी वेप उजेडात धरून पाहिली. बॅटरी फुगलेली असती तर हातच लावला नसता. पण कवच सरळ होतं, कुठे गळतही नव्हतं. फोनची केबल लावली. दिवा लागला नाही.

चार्जिंगच्या भोकात तिने टॉर्च मारला आणि आत खिशातला मळ घट्ट बसलेला दिसला. लाकडी टोकाने हळूहळू टोकरून तिने तो बाहेर काढला. पुन्हा केबल लावली. तरी काही नाही.

"झालं का?" आप्पांनी दारातून विचारलं.

"नाही अजून."

थोड्या वेळाने ते पाणी प्यायला आले, मग चष्मा शोधायला आले. चष्मा कपाळावरच होता.

मग तिच्या लक्षात आलं. फोनची केबल दोन्ही टोकांना सारखी होती, आणि असली स्वस्तातली यंत्रं त्या केबलवर चार्जच होत नाहीत. दवाखान्यातही एकदा तिचा असाच अर्धा दिवस गेलेला. तिने जुन्या चार्जरची रुंद टोकाची केबल शोधून लावली. लाल दिवा लागला.

तो लाल ठिपका पाहिला आणि तिला राहवेना. तिने नाशिकला फोन लावला.

"तू वेप ओढतोस का?"

"काय?" हितेशच्या मागे ड्रिलचा आवाज होता. "कोण बोललं तुला?"

"कोण बोललं ते सोड. बॅगेत सापडली."

"माझ्या बॅगेत? कृतिका, शप्पथ, मी हातसुद्धा लावलेला नाही कधी."

"मग बाथरूममधला वास? गच्चीवर काय करतोस रोज?"

"आईशी बोलतो," तो म्हणाला, आणि ड्रिल थांबल्यामुळे ते फारच स्पष्ट ऐकू आलं. त्याची आई गावी धाकट्या भावाकडे राहायची. आप्पांचं आणि तिचं वर्षभर बोलणं नव्हतं, म्हणून हितेश तिचा फोन घरात घ्यायचा नाही.

कृतिकाला ते खरं वाटलं नाही. "वा," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

दिवा हिरवा झाला, तेव्हा आप्पा तिच्या मागेच उभे होते. तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही. जोरात दाबून धरलं. दिवा नुसता लुकलुकला आणि विझला.

"आतलं काहीतरी गेलंय. उघडण्यात अर्थ नाही. टाकून देते," ती म्हणाली.

"अगं, टाकतेस काय! लॉक पडलंय ते. पाच वेळा पटापट दाब, उघडतं."

कृतिकाने पाच वेळा बटण दाबलं. यंत्र सुरू झालं आणि त्याच्या तोंडाजवळ पुदिन्याचा वास आला. ती खुर्चीतच वळली. आप्पा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"आप्पा, तुम्हाला कसं माहीत?"

ते हळूहळू पलंगावर टेकले. "बिडीची तलफ जाईना गं. बागेतला नाथा म्हणाला, यात धूर नसतो, छातीला काही होत नाही. बंद पडलं तेव्हा दुकानात न्यायची भीती वाटली. कुणाचं म्हणून सांगू? तोंडात हितेशचंच नाव आलं."

"मी भांडले त्याच्याशी. तुम्ही ऐकत होतात ना?"

त्यांनी होकाराची मान हलवली.

तिने फोन लावून त्यांच्या हातात दिला. आप्पांनी अडखळत सगळं सांगितलं. पलीकडून हितेशने काय विचारलं ते तिला ऐकू आलं: "आप्पा, छातीत दुखत नाही ना तुमच्या?" म्हातारा रडायला लागला. कृतिकाने फोन घेतला, तोवर तो कट झालेला.

हितेश परत आला तो वडिलांना सरळ डॉक्टरांकडेच घेऊन गेला. कृतिकाही रिक्षात बसली. वाटेत तिने दोनदा "सॉरी" म्हटलं, तो बाहेर बघत राहिला.

डॉक्टरांनी आप्पांना तपासलं, रागावले, तलफ मोडायची औषधं लिहून दिली. मग सहज विचारलं, "घरात आणखी कुणी ओढतं?"

हितेशने बायकोकडे पाहिलं. "हिला विचारा."

"नाही," कृतिका म्हणाली. आवाज नीट निघाला नाही म्हणून ती पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाली, "नाही डॉक्टर. दुसरं कुणीच नाही."