आबांची बाज

दिपाली सिस्टरने टेप उजव्या पोटरीभोवती गुंडाळली, आकडा वाचला, सोडली आणि पुन्हा गुंडाळली. मग डावी पोटरी मोजली. सुभद्राबाई कॉटच्या कडेला बसून तिच्या भुवयांकडे बघत होत्या. उजव्या खुब्याचा सांधा बदलून महिना झाला होता. सिस्टरच्या तोंडापेक्षा भुवया जास्त खरं बोलतात, हे एवढ्या दिवसांत त्यांना कळून चुकलं होतं.

“मंगळवारी एवढी सूज नव्हती, मावशी. दाबल्यावर दुखतं का?”

“न्हाई.”

“मग दिवसभर करता तरी काय?”

“तुमी सांगितलं तेच. चालते, पाय उचलते, खुर्चीत बसते.”

“खाली बसला न्हाईत ना?”

“न्हाई बाई. देवाशपथ.”

शपथ खोटी नव्हती, पण पुरतीही नव्हती. दिपालीने वहीत काहीतरी लिहिलं आणि पेन बंद केलं. ती आठवड्यातून दोनदा केजवरून स्कूटीवर यायची. बोलायला गोड, पण कामाला कडक. पहिल्याच दिवशी तिने सुभद्राबाईंच्या कॉटखाली विटा लावून घेतल्या होत्या, खुर्चीच्या पायांखाली पाट ठेवायला लावले होते आणि गुडघा खुब्याच्या वर गेलेला मला चालणार नाही, असं घरात सगळ्यांना ऐकवलं होतं. उरलेल्या विटा अजून भिंतीकडेला पडून होत्या.

“सूज अशीच वाढली तर बीडला न्यावं लागंल,” ती म्हणाली. “सांधा सरकला तर पुन्हा ऑपरेशन. मग दिवाळीचं विसरा.”

दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी निघणार. त्यांचा लेक रामेश्वर आणि सून वर्षाराणी, नवरा-बायको मिळून एक कोयता. सुभद्राबाई आपल्या पायावर उभ्या राहिल्या तर नात सायली त्यांच्यापाशी गावातच राहील आणि तिची चौथी होईल. नाही राहिल्या, तर पोरीला पाचटाच्या कोपीवर, फडावरच्या झोपडीत, जावं लागेल. सुभद्राबाईंनी स्वतःची चारही लेकरं फडात वाढवली होती. एकही पाटीच्या पुढं गेलं नाही. या पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही, हे त्यांनी ऑपरेशनच्या टेबलावर झोपताना पुटपुटत ठरवलं होतं. डॉक्टरला वाटलं होतं, म्हातारी देवाचं नाव घेतेय.

“खरं सांगू का, सिस्टर?” चुलीपाशी बसलेली वर्षाराणी म्हणाली. “आत्या बसत्यात कुठं? आबा आले की तासभर उभ्याच.”

“तू गप गं.”

“कावून गप? रोज उभ्या असतात. वॉकर धरून.”

आबा म्हणजे विठ्ठलराव, सुभद्राबाईंचे थोरले दीर. शेजारीच घर. रोज सकाळी नऊला चहाला यायचे आणि ओसरीतल्या बाजेवर बसायचे. थोरल्या दिरासमोर बाईमाणसानं खुर्चीत बसायचं नसतं, खाली बसायचं, पदर पुढं ओढून. पंचेचाळीस वर्षं सुभद्राबाई तशाच बसत आल्या. दवाखान्यातून आल्या त्या दिवशीही आबांचं खाकरणं ऐकलं आणि भिंतीला पाठ घासत त्या खाली निघाल्या. वर्षाराणीनं बगलेत हात घालून वरच्या वर धरलं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मधली वाट काढली. सिस्टर खाली बसू देत नाही, रीत वर बसू देत नाही, तर मग उभंच राहावं.

दिपालीने कपाळाला हात लावला. मग हसू आलं ते तिने गिळलं.

“त्यांना मी सांगते.”

“न्हाई, बाई. त्यांना काई म्हणायचं न्हाई. मानी माणूस हाय.”

“असू द्या. मी थांबते आज.”

नऊ वाजेपर्यंत तिने रिकामा वेळ जाऊ दिला नाही. पुढच्या आठवड्यात वॉकर जाऊन काठी येणार होती, त्याची उजळणी घेतली. उजवा पाय दुखरा, तर काठी डाव्या हातात. जवळपास सगळेच उलट धरतात आणि मग म्हणतात, काठीचा उपयोग नाही. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. हे शेवटचं सुभद्राबाईंना तोंडपाठ होतं. रोज ओसरीची पायरी करताना त्या ते पुटपुटत आणि आबा बाजेवरून नुसतं बघत बसत.

बाहेर खाकरणं ऐकू आलं. सुभद्राबाई वॉकर धरून उठल्या, पदर पुढं आला, नजर खाली गेली. आबा बाजेवर टेकले.

“दुखतंय का म्हणावं अजून?” त्यांनी नेहमीप्रमाणे भिंतीला विचारलं.

“कमी हाय म्हणावं,” सुभद्राबाईंनी वर्षाराणीला सांगितलं.

“रात्री कुशीवर झोपता येतं का म्हणावं?”

“आबा,” दिपाली मध्येच बोलली, “यांचा पाय सुजलाय. तुमी आला की या तासभर उभ्या राहतात. असंच चाललं तर पुन्हा दवाखाना हाय.”

आबांच्या कपाळाच्या शिरा ताठ झाल्या. सुभद्राबाईंना वाटलं, आता हे उठून जाणार आणि पुन्हा या घराची पायरी चढणार नाहीत.

“मी कदी म्हणलं उभं राहा?” आबा भिंतीला म्हणाले. “बसा म्हणावं.”

सुभद्राबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. दीर परवानगी देत होता, सिस्टर डोळे वटारत होती, सायलीची शाळा डोळ्यांपुढं होती. तरी गुडघे वाकेनात. आयुष्यभर ज्या शरीराला वाकायचंच शिकवलं, ते खुर्चीपुढं अडून बसलं. त्यांना स्वतःचा संताप आला.

दिपालीने ओढणी खोचली.

“आबा, जरा उठा.”

ती आणि वर्षाराणी, दोघींनी भिंतीकडच्या विटा आणल्या, बाजेच्या एकेका पायाखाली तीन तीन लावल्या आणि बाज हलवून पाहिली. मग दिपालीने टेप काढून आधी खुर्ची मोजली, नंतर बाज.

“बसा आता. तुमी चार बोटं वर, या चार बोटं खाली. मान राहिला का न्हाई?”

आबांनी विटांकडे पाहिलं, सिस्टरकडे पाहिलं. आता ही पोरगी बोलणी खाणार, असं वर्षाराणीला वाटलं. पण आबा बाजेवर बसले. त्यांचे पाय जमिनीला पुरेनात.

मग सुभद्राबाई बसल्या. सिस्टरने शिकवलं तसं, पाय मागून खुर्चीला टेकवले, हात मागं नेऊन खुर्चीचे हात धरले आणि दात आवळून हळूहळू खाली आल्या. बसल्यावर एवढा मोठा श्वास सुटला की चुलीपाशी वर्षाराणीनं तोंड फिरवलं.

चहा आला. आबांनी बशीत ओतला. सुभद्राबाईंची नजर सवयीनं खालीच होती, आणि समोर आबांचे पाय लोंबत होते. दिराचा चेहरा त्यांनी कमी पाहिला होता, पाय जास्त. पण हे पाय असे अधांतरी कधी पाहिले नव्हते. डावं पाऊल सरळ होतं. उजवं बाहेरच्या अंगाला कललं होतं, अगदी सुभद्राबाईंचं स्वतःचं ऑपरेशनआधी दोन वर्षं कललं होतं तसं. उजव्या पायातल्या चपलेची टाच एकाच बाजूनं घासून पार पातळ झाली होती.

“जिना चढता येतो का म्हणावं, नंतर?” आबांनी भिंतीला विचारलं.

“येतो,” दिपाली म्हणाली. “दोन महिन्यांनी बसमधी सुद्धा चढता येतं.”

“हं.” आबांनी बशी खाली ठेवली. “अन् भीती वाटली का म्हणावं, टेबलावर?”

या प्रश्नावर सुभद्राबाईंनी नजर वर केली. महिनाभर हा माणूस रोज तासभर येऊन हेच हेच विचारत होता, आणि त्या त्याला नुसती जनरीत समजत होत्या.

“लई वाटली,” त्या म्हणाल्या. “पण झोप लागती. उठल्यावर कळतं.”

आबा उठले. एरवी बाजेवरून उठताना ते दोनदा झोका घ्यायचे आणि कण्हायचे. आज उंचावरून एका दमात उठले. आपलं आपल्यालाच नवल वाटल्यासारखे क्षणभर बाजेकडे बघत राहिले, मग बाजेला टेकवलेली आपली काठी उजव्या हातात घेऊन निघाले. ओसरीच्या पायरीवर त्यांनी खांब धरला, आधी उजवा पाय खाली टाकला, मग डावा.

सुभद्राबाईंनी घसा खाकरला.

“आबा, काठी डाव्या हातात धरा.”

वर्षाराणीच्या हातातली बशी तशीच राहिली. आबा पाठमोरे उभे राहिले. मग त्यांनी काठी डाव्या हातात घेतली, चार पावलं टाकली, थांबले, आणखी चार टाकली. वळले ते थेट सुभद्राबाईंकडे बघत.

“उद्या जरा लवकर येतो,” ते म्हणाले.

“या,” सुभद्राबाई खुर्चीतूनच म्हणाल्या.